पन्नास वजा वीस अधिक दहा

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गणित येऊन पडलं. आठ भागिले दोन, पुढं कंसात दोन अधिक दोन. उत्तर सांगा. झालं! सकाळी चहाच्या वेळेला पडलेलं गणित, दुपारच्या जेवणापर्यंत नुसता कल्ला. एक म्हणतो सोळा, दुसरा म्हणतो एक, तिसरा म्हणतो तुम्हाला चौथीचं गणित येत नाही आणि चालले नातवंडांचा अभ्यास घ्यायला. गणित टाकलं होतं माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलानं. तो इथं लातुरातच एका क्लासमध्ये गणित शिकवतो. भांडणं टिपेला गेल्यावर त्यानं लिहिलं, ‘मावशी, जन्मभर तुम्ही शाळेत गणित शिकवलं, तुम्हीच सांगा की आता.’

मी फोन पालथा घातला आणि भाजी निवडायला बसले. घरात मला तापट म्हणतात. म्हणू देत. पण आधी काय करायचं आणि मागून काय करायचं, बेरीज आधी की वजाबाकी आधी, असलं गणित कुणी गंमत म्हणून पुढं केलं की माझं डोकंच फिरतं. ह्या गमतीनं त्या पोराच्या आईचं आयुष्य गेलं. त्याला ते माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही, आणि आज ग्रुपवर तर सांगणारच नाही.

त्याची आई म्हणजे माझी आक्का. माझ्याहून सहासात वर्षांनी मोठी. आमचं गाव औशाच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. तो मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी शाळेत जाण्याएवढीही नव्हते. मला त्यातलं आठवतं ते थोडंच. कामावर मिळणारी सुकडी, तिचा गोड, भाजका वास, आणि खडी फोडून आलेल्या आबांचे हात. आक्का तेव्हा चौथी होऊन पाचवीत गेली होती. गणितात तर अशी की गुरुजी तिला फळ्यापाशी उभी करून मोठ्या पोरांना लाजवायचे. पण तलावाचं काम निघालं, माय आणि आबा दोघंही कामावर जायला लागले, आणि पाणी कोण आणणार? आक्काची शाळा सुटली.

आमच्या वस्तीच्या विहिरीला तळाशी वाटीएवढं पाणी झिरपायचं. तिथं अंगानं हलकी पोरगीच उतरवायची. आक्का पायऱ्या उतरून खाली जायची, तांब्यानं पाणी भरत बसायची, झिरपेल तसं. मायनं घागर तांब्यांवर मोजून ठेवली होती. दहा तांबे म्हणजे एक घागर, म्हणजे आमचा दिवस. एकदा वर चढताना आक्काचा पाय घसरला. घागर कलंडली आणि चार तांबे पाणी गेलं. ती तशीच पुन्हा खाली उतरली, ताटकळत बसून तीन तांबे भरले, तोवर मागं बायांनी आरडाओरडा सुरू केला म्हणून वर आली. घरी आल्या आल्या मायला म्हणाली, ‘माय, दहा व्हते, चार सांडले, तीन भरले, नऊ हायत.’ मायनं आधी एक ठेवून दिली आणि मग मोजून बघितलं. नऊच होते. मग माय तिला पोटाशी धरून रडली. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, आणि पुढचं सगळं ह्या घागरीवरनंच झालं म्हणून सांगते आहे.

दुष्काळ सरला. आक्कानं गुरुजींच्या नादानं बाहेरून परीक्षा देऊन सातवी काढली, शाळा सुटल्यामुळं गणितात मात्र काठावर. मग लग्न. दाजी औशाच्या पलीकडच्या गावचे. चार एकर रान, अंगानं धडधाकट, बोलायला मिठ्ठास, आणि घरात हात उचलणारे. आक्कानं किती सोसलं ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एक दिवस ती एकटीच एसटीनं आली. कानामागं सूज होती. दारात चप्पल काढता काढताच म्हणाली, ‘मी आता तिकडं जाणार न्हाई.’

माय रडली. भावकीतल्या बाया रोज येऊन विचारायच्या, ‘किती दिवस ऱ्हाणार हाय गं लेक?’ त्या विचारण्यात काय असतं ते ज्याच्या घरी लेक परत आलेली आहे त्यालाच कळतं. लोकाच्या घरचं उणं काढायला काय जातं मेल्यांचं! आबा शेवटी एवढंच म्हणाले की पोरी, तुझं तुला भागवता आलं तर मी कुणाच्या बापाला भीत नाही, पण माझ्या हातपायाचा आता भरवसा नाही. म्हणजे नोकरी, नाहीतर सासर. तिसरं काही नव्हतं.

नेमका त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. तोवर कागदाच्या एका शिक्क्यासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, जाता येता दिवस मोडायचा. आता सगळं लातुरात येणार होतं. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या, पाट्यांचा रंगही वाळला नव्हता. जो तो म्हणायचा, जागा निघणार, जागा निघणार. आणि निघाल्या. गुरुजींनीच बातमी आणली की सरकारी दवाखान्यात नर्सिंगच्या ट्रेनिंगला मुली घेणार आहेत, सातवी पास चालते, लेखी परीक्षा आहे, आणि निवड झाली की राहायला होस्टेल. होस्टेल म्हटल्यावर आक्काचा चेहरा असा काही उजळला की मला अजून दिसतो. स्वतःची खाट, आतून लावता येईल असं दार. ती मला रात्रंदिवस तेच सांगायची, ‘आतून कडी आसंल गं, आतून.’

गुरुजी तेव्हा रिटायर व्हायला आले होते. संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात येऊन तिला शिकवायचे. एक पैसा घेतला नाही, वर घरून पेन्सिल आणायचे. मी आठवीत होते, मीही शेजारी बसायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी गणित घातलं. दोन अधिक तीन गुणिले चार. आक्कानं लगेच सांगितलं, वीस. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. जसं समोर येईल तसं करत जायचं, डावीकडून उजवीकडं, पायवाटेनं चालावं तसं. तिची ती रीतच होती. गुरुजींनी कपाळाला हात लावला. ‘अगं पोरी, गुणाकार आधी! तीन चोक बारा, आन् दोन, चौदा.’ मग त्यांनी तिला तो मंत्र दिला. कंचेभागुबेव. आपल्याकडं शाळेत गेलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. ह्याच क्रमानं करायचं, इकडचं तिकडं करायचं नाही.

गुणाकाराचं आक्काला पटलं. ‘चार-चार तांब्यांच्या तीन घागरी आन् वर दोन तांबे. हाव, चौदाच की,’ म्हणाली. पण पुढं गुरुजींनी वजाबाकी-बेरजेचं घातलं आणि गाडी अडली. दहा वजा चार अधिक तीन. आक्का म्हणाली नऊ. गुरुजी म्हणाले, ‘चूक. कंचेभागुबेव म्हण. बे आधी का व आधी?’ ‘बे.’ ‘मग? बेरीज आधी. चार आन् तीन सात. दहातून सात गेले, तीन.’

आक्का बघतच राहिली. मला वाटतं तिच्या डोळ्यांपुढं ती विहीर उभी राहिली असेल. ती म्हणाली, ‘पर गुरुजी, दहा व्हते, चार सांडले, मग मी तीन भरले. भरलेलं पाणी सांडल्यात कसं धरायचं?’

केवढा मोठा प्रश्न विचारला होता माझ्या बहिणीनं! पण गुरुजींना त्यांच्या गुरुजींनी तसंच शिकवलेलं, आणि आसपासच्या दहा गावांत कुणालाही विचारलं असतं तर तेच सांगितलं असतं. तोंडात मंत्र बसलेला, त्यात बे पुढं आणि व मागं, म्हणजे बेरीज पुढं आणि वजाबाकी मागं. मीसुद्धा मान डोलावली. शाळेत बीजगणितात आम्ही चिन्हं सांभाळून बरोबर उत्तरं काढायचो, पण ते हेच गणित आहे असं मला कधी सुचलंच नाही. गुरुजी प्रेमानंच म्हणाले, ‘पोरी, गणितात घागर आणू नको. नियम म्हंजे नियम. तू आपली रीत सोड, नाहीतर पेपरात मार खाशील.’

मार खायचा शब्द ऐकून आक्कानं पेन्सिल उचलली. त्यानंतर तिनं घागरीचं नाव काढलं नाही. भाकरी थापताना कंचेभागुबेव, झाडताना कंचेभागुबेव. माय वैतागून म्हणायची, ‘काय भूतबाधा झाली का काय पोरीला!’ आक्का हसायची. आठ-पंधरा दिवसांत ती गुरुजी म्हणतील तशी उत्तरं द्यायला लागली. तीन. तीनच. गुरुजी खूश.

परीक्षेला मी तिच्यासोबत गेले. तिला एकटीला पाठवायला माय भीत होती, दाजी वाटेत अडवतील म्हणून. लातुरात एका शाळेत पेपर होता. मी फाटकाबाहेर लिंबाखाली बसले. आक्का बाहेर आली तेव्हा घामानं निथळत होती आणि हसत होती. आम्ही गंजगोलाईत भजी खाल्ली, बांगड्या नुसत्या बघितल्या, आणि औशाच्या गाडीत बसलो. गाडी सुटल्यावर ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, ‘आगं, थोडक्यात वाचले. पन्नास वजा वीस अधिक दहा आलं व्हतं. मी आपली जुन्या सवयीनं चाळीस लिवून मोकळी. उठणार तेवढ्यात गुरुजी आठवले. बे आधी! वीस आन् दहा तीस, पन्नासातून तीस गेले, वीस. चाळीस खोडलं आन् वीस लिवलं. घंटा झालीच बघ लगेच.’

मी म्हटलं, ‘बरं झालं बाई आठवलं.’ आणि आम्ही दोघी हसलो. तो सबंध रस्ता ती खिडकीतून बाहेर बघत गाणं गुणगुणत होती. एवढ्या सुखात मी तिला त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

निवड झाली नाही. आबा आणि गुरुजी दोघं निकाल बघायला गेले होते. तिथल्या एका वयस्कर नर्सबाईंना दया आली, त्यांनी आत जाऊन चौकशी केली आणि येऊन सांगितलं की एकाच गणितानं गेलं हो पोरीचं, बाकी पेपर चांगला होता. गुरुजी आमच्या ओट्यावर डोकं धरून बसले. म्हणाले, ‘कुठलं चुकवलंस गं?’ आक्का आठवून आठवून थकली. तिला वाटलं भागाकारात काही घोळ झाला असेल. पन्नास वजा वीसचं तर तिच्या मनातही आलं नाही. ते तर बरोबरच होतं ना, गुरुजींनी सांगितल्यासारखं केलं होतं! शेवटी ती म्हणाली, ‘जाऊ द्या गुरुजी. माजं डोस्कंच तेवढं हाय.’

महिन्याभरात दाजी चार माणसं घेऊन आले. बैठक बसली. दाजींनी सगळ्यांसमोर हात जोडले, पुन्हा असं होणार नाही म्हणाले. एकानं आक्काला विचारलं, ‘काय गं, जातीस का?’ आक्का स्वच्छ म्हणाली, ‘न्हाई जाणार.’ मग तिनं मायकडं बघितलं. मायनं पदर तोंडात धरला होता. आबा जमिनीकडं बघत होते. आक्का म्हणाली, ‘जाते.’ तिनं तिचं पातळ पिशवीत भरलं. पेन्सिल मला दिली.

पुढं काय झालं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाला लिहून दाखवायची माझी इच्छा नाही. पुन्हा असं होणार नाही म्हणाले होते दाजी. झालं. पुन्हा पुन्हा झालं. दोन बाळंतपणं झाली, त्यातलं एक पोर जगलं.

मी बारावी करून डीएडला नांदेडला गेले. तिथं एक बाई आम्हाला गणित कसं शिकवायचं ते शिकवायच्या. एके दिवशी त्यांनी फळ्यावर तीन आकडे मांडले, मध्ये वजा, मग अधिक, आणि आम्हाला उत्तर विचारलं. अर्ध्या वर्गानं कंचेभागुबेव लावून चुकीचं सांगितलं. मीही त्यांतलीच. बाई खडू हातात घेऊन म्हणाल्या, ‘इथंच सगळा मराठवाडा आपटतो. बेरीज आणि वजाबाकी सारख्या मानाच्या. त्यांच्यात आधीनंतर नाही. जी डावीकडं आधी येईल ती आधी करायची.’ मग आम्हाला समजावं म्हणून त्यांनी उदाहरण दिलं, ‘डब्यातून काही लाडू काढले आणि मग काही नवे ठेवले. ठेवलेले लाडू काढल्यात धराल का?’

वर्ग हसला. मला आक्काच ऐकू आली. भरलेलं पाणी सांडल्यात कसं धरायचं, गुरुजी? मी बाकावरच ढसाढसा रडायला लागले. बाईंना वाटलं चुकलं म्हणून रडते. मी त्यांना काय सांगणार, कुठून सुरुवात करणार?

मला चीड आली होती, पण ती धरायची कुणावर? गुरुजींवर? तो देवमाणूस स्वतःची संध्याकाळ मोडून फुकट शिकवायला यायचा. पेपर तपासणाऱ्यावर? त्यानं बरोबर तेच केलं. त्या मंत्रावर चिडावं तर तो नुसती अक्षरं. बरं, न सांगावं म्हटलं तर ‘माजं डोस्कंच तेवढं हाय’ हे वाक्य मला झोपू देईना. ती रोज मार खाते आणि वर स्वतःला ढ समजते, हे मला सोसवेना. पहिल्या सुट्टीत मी नांदेडहून लातूर, लातूरहून औसा, आणि पुढं आक्काचं गाव गाठलं.

दाजी रानात होते. आक्का चुलीपाशी बसली होती, पोर पाळण्यात. वाळून काटकी झाली होती. मला बघून आधी कोण आनंद, मग तोंडाला पदर, कारण पुढचा दात गेला होता. मी चहा पिले, आणि मग जमिनीवर बोटानं रांगोळी काढावी तसं राखेत लिहून दाखवलं. पन्नास वजा वीस अधिक दहा. बाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, भाजून घेतली. मग म्हणाली, ‘म्हंजे चाळीसच व्हतं?’

‘हाव, आक्का.’

‘म्हंजे माजी घागर बरोबर व्हती.’

‘हाव गं.’

मला वाटलं ती रडेल, ओरडेल, गुरुजींना शिव्या घालेल. तसं काही झालं नाही. ती हसली, गेलेल्या दातासकट, पदर बाजूला सारून. म्हणाली, ‘मग मी हुशार व्हते की गं!’ आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिनं मला बजावलं, ‘गुरुजीला सांगू नको बरं का. म्हातारा झुरून मरंल.’ मी सांगितलं नाही. गुरुजी गेले तेव्हाही त्यांना माहीत नव्हतं.

मग ती पोराला पाजायला बसली. राखेतलं गणित तिनं पुसलं नव्हतं. तिकडं बघतच म्हणाली, ‘दोन्ही बारीला पहिलं बरोबर आलं व्हतं मला. पेपरात बी आन् बैठकीत बी. दोन्ही बारीला मीच खोडलं.’

मी राखेतले पन्नास बोटानं पुन्हा गिरवले.

दाजी यायच्या आत तिनं मला निघायला लावलं. पोर कडेवर घेऊन फाट्यापर्यंत आली. गाडी आली, मी चढले, खिडकीशी बसले. ती खाली उभी. कंडक्टरनं घंटी मारली तशी ती गाडीला हात लावून चार पावलं सोबत चालली आणि म्हणाली, ‘चाळीसच ना? नक्की?’

मी ओरडून म्हणाले, ‘चाळीसच, आक्का! नक्की चाळीस!’

गाडी सुटली. मी मागं वळून बघत होते. ती फाट्यावरच उभी होती, कडेवर पोर, आणि तिचे ओठ हलत होते. ती ते गणित पुन्हा पहिल्यापासून करत होती.